बदकाच्या पिल्लांची जात व लिंग ओळखणे

बदकाच्या पिल्लांची जात व लिंग ओळखणे ही कुक्कुटपालनातील एक व्यावहारिक प्रक्रिया आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या किंवा काही आठवडे वयाच्या पिल्लांचे निरीक्षण करून ती कोणत्या जातीची आहेत आणि त्यांतील नर कोणते व माद्या कोणत्या, हे या प्रक्रियेत ठरवले जाते. जातीचा अंदाज पहिल्या दिवशीच अंगावरील लव, चोच, पाय आणि शरीराची ठेवण यांवरून बांधता येतो. लिंग मात्र बहुतेक जातींमध्ये त्या वयात नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एकतर पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रशिक्षित व्यक्तीकडून अवस्कराची तपासणी करून घ्यावी लागते, किंवा आवाज, चोचीचा रंग व पिसारा बदलेपर्यंत वाट पाहावी लागते. प्रत्येक खूण ठराविक वयातच विश्वसनीय असते, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब होय.

महत्त्व

बदके अंड्यांसाठी, मांसासाठी किंवा दोन्हींसाठी पाळली जातात. खाकी कॅम्पबेल ही प्रामुख्याने अंड्यांची जात असून उत्तम व्यवस्थापनात तिची मादी वर्षाला सुमारे ३०० अंडी देऊ शकते. पांढरी पेकिन ही मांसाची जात असून सुमारे ४२ दिवसांत तिचे वजन २.२ ते २.५ किलोग्रॅमपर्यंत जाते. दोन्ही जातींचे खाद्य, जागा व विक्रीचे वय यांचे नियोजन वेगवेगळे असते. त्यामुळे जात ओळखण्यात झालेली चूक पुढील सर्व हिशेब बिघडवते.

लिंगाच्या बाबतीत ही चूक अधिक उशिरा उघड होते. खाकी कॅम्पबेल मादी साधारण पाच ते सहा महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते. तोपर्यंत नरांनाही माद्यांइतकेच खाद्य द्यावे लागते. न निवडलेल्या पिल्लांमध्ये नर व माद्या सरासरीने निम्मे-निम्मे असतात. मात्र लहान गटात हे प्रमाण बरेच हलू शकते. अशी १० पिल्ले घेतल्यास त्यांत सात किंवा अधिक नर निघण्याची शक्यता गणिताने सुमारे १७ टक्के, म्हणजे जवळपास सहा खरेदींमागे एक इतकी असते.

खाण्याच्या अंड्यांसाठी नराची आवश्यकता नसते, कारण मादी नराशिवायही अंडी देते. पिल्ले काढण्यासाठी फलित अंडी हवी असल्यास साधारणपणे पाच ते आठ माद्यांमागे एक नर ठेवला जातो. नरांची संख्या यापेक्षा अधिक झाल्यास माद्यांच्या मानेवरील व पाठीवरील पिसे उपटली जातात, त्यांना जखमा होतात आणि नरांमध्ये आपसांत भांडणे होतात.

जातीची ओळख

पाळीव बदकांच्या जवळजवळ सर्व जाती मॅलार्ड या वन्य बदकापासून निर्माण झाल्या आहेत. मस्कोव्ही बदक हा याला प्रमुख अपवाद असून ती मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र प्रजाती आहे. पिल्लाच्या अंगावरील मऊ लव ही पुढे येणाऱ्या पिसांच्या रंगाचा पूर्वसंकेत देते, परंतु एकच रंग अनेक जातींमध्ये आढळतो.

पिवळी लव

संपूर्ण पिवळी लव असलेले पिल्लू सामान्यतः मोठेपणी पांढरे होते. एवढ्यावरून ते पेकिन जातीचे आहे असे म्हणता येत नाही. पेकिन, एल्सबरी, पांढरे इंडियन रनर आणि पांढरी देशी बदके या सर्वांची पिल्ले पिवळीच असतात. पेकिनची जात चीनमध्ये विकसित झाली आणि १८७० च्या दशकात ती ब्रिटन व अमेरिकेत पोहोचली. तिच्या पिल्लाची चोच व पाय नारिंगी असतात आणि शरीर रुंद व जड असते. इंग्लंडमधील एल्सबरी जातीच्या मोठ्या बदकांची चोच फिकट गुलाबी असते. पिवळ्या लवेच्या जागी पांढरी पिसे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात.

गडद व पट्टेदार लव

मॅलार्डच्या पिल्लाची पाठ काळपट तपकिरी व पोट पिवळे असते. चेहरा पिवळा असून डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि पाठीवर पिवळे ठिपके असतात. फ्रान्समधील रूआं जातीची पिल्ले बरीचशी अशीच दिसतात, मात्र त्यांच्या चेहऱ्यावर अनेकदा दोन गडद रेघा आढळतात. रंगीत देशी बदकांच्या पिल्लांमध्येही हाच मूळ नमुना कमीअधिक फरकाने दिसतो.

खाकी कॅम्पबेलच्या पिल्लांची लव गडद तपकिरी ते खाकी छटेची असते आणि तिच्यावरील पिवळ्या खुणा ठळक नसतात. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील अडेल कॅम्पबेल यांनी इंडियन रनर, रूआं व मॅलार्ड यांच्या संकरातून ही जात विकसित केली. मूळ कॅम्पबेल बदके १८९८ मध्ये आणि त्यांचा खाकी प्रकार १९०१ मध्ये लोकांसमोर आला.

शरीराची ठेवण

इंडियन रनर जातीच्या पिल्लांमध्ये रंगापेक्षा उभे राहण्याची ढब अधिक उपयोगी ठरते. ही पिल्ले सुरुवातीपासूनच सरळ उभी राहतात, त्यांची मान लांब व अंग सडपातळ असते आणि ती डुलत चालण्याऐवजी धावतात. नावात ‘इंडियन’ असले तरी या जातीचे मूळ इंडोनेशियातील बेटांवर आहे. या जातीत अनेक रंग असल्यामुळे केवळ लवेवरून ती ओळखणे शक्य नसते.

मस्कोव्ही

मस्कोव्हीची अंडी उबण्यास सुमारे ३५ दिवस लागतात, तर इतर पाळीव बदकांची अंडी सुमारे २८ दिवसांत उबतात. त्यामुळे एकाच वेळी उबवणीला ठेवलेल्या मिश्र अंड्यांपैकी आठवडाभर उशिरा फुटणारी अंडी मस्कोव्हीची असण्याचा संभव असतो. तिच्या पिल्लांची नखे तीक्ष्ण असतात व शेपूट तुलनेने लांब असते. पिवळ्या पिल्लांच्या पाठीवर किंवा शेपटीवर अनेकदा तपकिरी डाग असतात. मस्कोव्ही व सामान्य बदक यांच्या संकरातून होणारी संतती सहसा वांझ असते. म्हणून प्रजननासाठी पिल्ले निवडताना हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा

संपूर्ण पांढऱ्या पिसाऱ्याचा गुणधर्म अप्रभावी असल्याने पांढऱ्या व रंगीत बदकांच्या संकरित पिल्लांमध्ये पालकांपैकी एकाचा रंग पूर्णपणे झाकला जाऊ शकतो. अशी पिल्ले गडद रंगाची असून त्यांच्या छातीवर पिवळा डाग असू शकतो. काही बाजारांत पिल्लांना गुलाबी, हिरवा असे कृत्रिम रंग दिले जातात. तेव्हा लवेचा रंग निरुपयोगी ठरतो आणि नवी पिसे येईपर्यंत थांबावे लागते. जातीची खात्री करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पिल्लांचे आईवडील पाहणे किंवा ज्याच्याकडे पैदाशीच्या नोंदी आहेत अशा केंद्रातून पिल्ले घेणे.

वन्य बदके व कलहंस यांच्या पिल्लांशी साम्य

डेन्मार्कचे लेखक हान्स क्रिस्टियन अँडरसन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेली कुरूप बदक-पिल्लाची कथा ही मुळात चुकीच्या ओळखीची कथा आहे. ग. दि. माडगूळकर यांच्या बालगीतामुळे तिचा आशय मराठी घरांत पोहोचला. त्या कथेतील पिल्लू हंसाचे निघते. प्रत्यक्षात असा घोटाळा पाळीव कलहंसांच्या बाबतीत होतो. बोलीभाषेत यांना हंस किंवा राजहंसही म्हटले जाते. त्यांची पिल्ले बदकाच्या पिल्लांपेक्षा मोठी व लांब मानेची असतात. त्यांची चोच मुळाशी उंच व टोकाकडे निमुळती असते, तर बदकाच्या पिल्लाची चोच चपटी व रुंद असते.

अधिक गंभीर गोंधळ वन्य बदकांच्या बाबतीत होऊ शकतो. महाराष्ट्रातील तलाव व बंधाऱ्यांवर आढळणाऱ्या हळदी-कुंकू बदकाची पिल्ले मॅलार्डच्या पिल्लांसारखीच गडद व पिवळी असतात, मात्र त्यांच्या डोळ्यावरील पट्टी अधिक रुंद असते. त्यामुळे ती रंगीत पाळीव बदकांची पिल्ले वाटू शकतात. वन्य पक्ष्यांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने त्यांची पिल्ले पकडणे वा पाळणे बेकायदेशीर आहे. पाणवठ्याच्या काठी एकटे दिसणारे पिल्लू अनाथ असतेच असे नाही. त्याची आई गवतात किंवा वेळूमध्ये जवळच दडलेली असू शकते.

लिंगाची ओळख

जैविक आधार

पक्ष्यांमध्ये लिंग गुणसूत्रांवरून ठरते. नरामध्ये दोन समान (झेड-झेड) आणि मादीमध्ये दोन भिन्न (झेड-डब्ल्यू) लिंगगुणसूत्रे असतात. म्हणजेच सस्तन प्राण्यांच्या उलट, येथे संततीचे लिंग मादीच्या बीजांडावर अवलंबून असते. पिल्लाचे लिंग अंडे घातले जाण्यापूर्वीच निश्चित झालेले असते.

अवस्कर तपासणी

पक्ष्यांमध्ये मल, मूत्र व प्रजनन यांचे मार्ग शेपटीखालील ज्या एकाच पोकळीत उघडतात तिला अवस्कर म्हणतात. बहुतांश पक्ष्यांच्या नरांना बाह्य जननेंद्रिय नसते. बदके, कलहंस व हंस यांचे कुल त्याला अपवाद आहे. या कुलातील नर पिल्लाचा अवस्कर हलकेच उघडल्यास एक लहानसे पांढुरके टोक बाहेर येते. मादी पिल्लात ते नसते. त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकाच्या पिल्लांची अशी तपासणी सोपी असते. कोंबडीच्या पिल्लांसाठीची अत्यंत सूक्ष्म पद्धत जपानमधील कियोशी मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात विकसित केली आणि पुढे जपानी तज्ज्ञांमार्फत ती जगभर पोहोचली.

ही तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांत करणे सोपे असते. त्यानंतर स्नायू घट्ट होत जातात. चुकीच्या दाबामुळे पिल्लाला अंतर्गत इजा होऊन ते दगावू शकते. तसेच पुरेसा अवस्कर न उघडल्यास नर पिल्लू मादी समजले जाते. म्हणून ही पद्धत प्रशिक्षित व्यक्तीकडून प्रत्यक्ष शिकूनच वापरली जाते.

लिंगसंलग्न रंग

खाकी रंग निर्माण करणारे जनुक झेड गुणसूत्रावर असून ते अप्रभावी असते. याचा उपयोग करून पहिल्याच दिवशी रंगावरून लिंग सांगता येईल असा संकर करता येतो. खाकी कॅम्पबेल नर आणि रूआंसारखी गडद रंगाची मादी यांच्या संततीत नर पिल्ले आईप्रमाणे गडद, तर मादी पिल्ले वडिलांप्रमाणे फिकट खाकी छटेची होतात. कारण मादी पिल्लाला तिचे एकमेव झेड गुणसूत्र वडिलांकडून मिळते.

ही जोडी उलट केल्यास, म्हणजे नर गडद व मादी खाकी असल्यास, सर्व पिल्ले गडद होतात व रंगाचा उपयोग राहत नाही. शुद्ध खाकी कॅम्पबेलच्या कळपातही नर-मादी दोघे एकाच रंगाचे जन्मतात. त्यामुळे ‘गडद पिल्लू नर आणि फिकट पिल्लू मादी’ हा नियम केवळ वरील संकराच्या पहिल्या पिढीस लागू आहे.

वेल्श हार्लेक्विन या जातीत जन्मानंतरचे काही दिवस नर पिल्लांची चोच गडद, तर मादी पिल्लांची चोच फिकट व टोकाशी काळसर असते. १९४९ मध्ये लेस्ली बॉनेट यांच्या खाकी कॅम्पबेल कळपात जन्मलेल्या फिकट पिल्लांपासून ही जात तयार झाली. ही खूणही पूर्णतः अचूक नसते व थोड्याच दिवसांत नाहीशी होते.

आवाज

लहानपणी सर्व पिल्ले सारखीच ‘चिवचिव’ करतात. साधारण पाच ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आवाज फुटतो. मादीचा आवाज मोठा, स्पष्ट व ‘क्वॅक-क्वॅक’ असा होतो, तर नराचा आवाज घोगरा व दबका होतो. नराच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी, स्वरयंत्राच्या डाव्या बाजूस, हाडाचा एक पोकळ फुगवटा असतो. मादीत तो नसतो. अनुभवी लोक मानेच्या तळाशी बोटाने चाचपून हा फुगवटा लहान पिल्लातही ओळखतात.

घरगुती पातळीवर आवाज ही सर्वांत सोपी व निर्धोक खूण मानली जाते. पिल्लू काही क्षण हातात उचलून धरले असता ते ओरडते व फरक लक्षात येतो. मस्कोव्हीला हा नियम लागू नाही. तिचा नर फुत्कारासारखा आवाज काढतो आणि मादीचा आवाजही मंद असतो. मस्कोव्हीमध्ये शरीराच्या आकारातील फरक अधिक उपयोगी पडतो. पूर्ण वाढलेला नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो आणि ही तफावत वाढीच्या काळातच दिसू लागते.

चोच व पिसारा

मॅलार्ड नमुन्याच्या रंगीत जातींमध्ये वाढत्या नराची चोच हिरवट किंवा पिवळसर हिरवी होते, तर मादीची चोच तपकिरी-नारिंगी राहून तिच्यावर गडद डाग येतो. खाकी कॅम्पबेल नराची चोचही हिरवट होते. पांढऱ्या जातींमध्ये चोचीच्या रंगाचा असा उपयोग होत नाही.

साधारण अडीच ते चार महिन्यांच्या दरम्यान नराच्या शेपटीवर वरच्या बाजूला वळलेली काही कुरळी पिसे येतात. पांढऱ्या बदकांमध्येही ही खूण दिसते. रंगीत जातींच्या नराचे डोके हिरवे, तर खाकी कॅम्पबेल नराचे डोके गडद कांस्य-हिरवट होते. मात्र प्रजननाचा हंगाम संपल्यावर नर पिसे गाळतो व काही काळ मादीसारखा फिकट दिसतो. शेपटीची कुरळी पिसेही त्या वेळी गळू शकतात. बदकांमध्ये मादीचा साधा पिसारा अंडाशयातील संप्रेरकांमुळे टिकून राहतो. त्यामुळे अंडाशय निकामी झालेल्या वयस्क मादीला कधीकधी नरासारखा पिसारा येतो.

डीएनए चाचणी

पिसाच्या मुळातील किंवा रक्ताच्या थेंबातील डीएनए तपासून कोणत्याही वयात लिंग निश्चित करता येते. झेड व डब्ल्यू या दोन्ही गुणसूत्रांवर असलेल्या सीएचडी जनुकाच्या लांबीतील फरकावर आधारित चाचणी १९९८ पासून पक्षिशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. संशोधन व मौल्यवान पैदास पक्ष्यांसाठी ती उपयुक्त असली, तरी सामान्य कळपासाठी खर्चिक ठरते.

वयानुसार उपयुक्त खुणा

| वय | जातीच्या खुणा | लिंगाच्या खुणा |
|---|---|---|
| पहिले तीन दिवस | लव, चोच, पाय, ठेवण | अवस्कर तपासणी. ठराविक संकरात लवेचा रंग |
| एक ते चार आठवडे | ठेवण, वाढीचा वेग, नवी पिसे | बाह्य खुणा अविश्वसनीय |
| पाच ते आठ आठवडे | पिसांचा रंग, वजन | आवाज. रंगीत जातींत चोच |
| अडीच महिन्यांनंतर | पूर्ण पिसारा | शेपटीची कुरळी पिसे, डोक्याचा रंग |

लोकसमजुती

टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, दोऱ्याला बांधलेली सुई पिल्लावर धरल्यास तिच्या झोक्यावरून लिंग कळते, किंवा उबवणीचे तापमान बदलून माद्यांचे प्रमाण वाढवता येते, अशा समजुती प्रचलित आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. काही सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये लिंग तापमानावर अवलंबून असते, पक्ष्यांमध्ये ते गुणसूत्रांवरूनच ठरते. कोंबडीच्या काही विशिष्ट वाणांत पंखांच्या पिसांच्या लांबीवरून लिंग ओळखता येते. ती पद्धत त्या वाणांपुरतीच मर्यादित असून बदकांना लागू पडत नाही. पिल्लाचा धीटपणा किंवा आकार यांवरून केलेला अंदाजही भरवशाचा नसतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात बदकपालन प्रामुख्याने पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा भरपूर पाणी व भातशेती असलेल्या राज्यांत केंद्रित आहे. आसाममधील पाती व बिहारमधील मैथिली या नोंदणीकृत देशी जाती पूर्व भारतातील आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या ८५.१८ कोटी नोंदवली गेली. त्यांत कोंबड्यांच्या तुलनेत बदकांचा वाटा अल्प आहे. महाराष्ट्रात परसातील कुक्कुटपालन मुख्यतः कोंबड्यांचे असल्याने पिल्ले ओळखण्याचे पारंपरिक ज्ञानही कोंबड्यांभोवतीच विकसित झाले आहे आणि तेच बदकांना लावल्यास चुका होतात. खाकी कॅम्पबेल व पांढरी पेकिन या जातींची पैदास बंगळूरूजवळील हेसरघट्टा येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेत केली जाते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुका हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण पठारी भाग आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून मुळा व दक्षिणेकडून कुकडी नदी वाहते. मधल्या पठारावरील शेती बऱ्याच अंशी पाझर तलाव, बंधारे, विहिरी व शेततळी यांवर अवलंबून आहे. राळेगणसिद्धी येथील पाणलोट विकासाचे काम याच तालुक्यातील होय. अशा प्रदेशात भातखाचरांवर चरणारे बदकांचे मोठे कळप शक्य नसतात, पण लहान कळप पाळता येतात. बदकांना पोहण्यासाठी तलाव असणे अनिवार्य नाही. चोच व डोळे बुडवता येतील इतके खोल पाण्याचे भांडे पुरते. आईविना वाढवलेल्या लहान पिल्लांची लव पाण्यात लवकर भिजते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे त्यांना खोल पाण्यात सोडले जात नाही. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या निसरड्या काठावरून त्यांना बाहेर येता येत नाही, म्हणून अशी तळी त्यांच्यासाठी विशेष धोक्याची असतात.

बाहेर चरून मिळणारे अन्न मर्यादित असल्याने अशा भागात कळपाला बहुतांश खाद्य विकतचे लागते. त्यामुळे जास्तीचा प्रत्येक नर थेट खर्चात भर घालतो. म्हणून पिल्ले घेताना मूळ कळपाची माहिती विचारणे, गरजेपेक्षा थोडी अधिक पिल्ले घेणे, साधारण आठव्या आठवड्यात आवाजावरून नर-माद्या वेगळ्या करून पायात खुणेचे कडे घालणे आणि जास्तीचे नर त्याच सुमारास मांसासाठी विकणे, ही पद्धत लहान कळपासाठी व्यवहार्य ठरते.

नैतिक प्रश्न

मोठ्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी लिंग ओळखले गेल्याने नको असलेल्या लिंगाची पिल्ले नष्ट करण्याची प्रथा पडली. अंड्यांच्या कोंबड्यांमध्ये ती नर पिल्लांची असतात. फ्रान्समध्ये यकृतापासून बनवल्या जाणाऱ्या फ्वा ग्रा या पदार्थासाठी संकरित बदकांचे नर वाढवले जात असल्याने तेथे मादी पिल्ले नकोशी ठरतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अंड्यांच्या वाणांतील नर कोंबडी-पिल्ले मारण्यावर बंदी घातली. त्यानंतर अंड्यातच लिंग ओळखण्याच्या तंत्रांना चालना मिळाली. परसातील लहान कळपात नर बदके मांसासाठी वाढवता येत असल्याने हा प्रश्न तुलनेने सौम्य असतो.